आधी थांबवायला शिका

पडद्यावरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर पहिल्यांदा सुरू केला की बहुतेकांचं सारखंच होतं. एक छोटीशी सुरावट वाजते आणि लगेच एक यांत्रिक आवाज भराभर बोलायला लागतो. शब्द इंग्रजी, उच्चार परके, आणि वेग असा की एक वाक्य उमगेपर्यंत तीन पुढे गेलेली असतात. नवखा माणूस अशा वेळी स्पीकर मोठा करतो आणि कान टवकारून सगळंच्या सगळं ऐकायचा प्रयत्न करतो. थोड्याच वेळात डोकं दुखायला लागतं आणि ‘हे काही आपल्याला जमायचं नाही’ असं वाटू लागतं.

म्हणून सुरुवात एका बटणापासून करू. कीबोर्डच्या सगळ्यात खालच्या ओळीत, डाव्या कोपऱ्याकडे कंट्रोलचं बटण असतं. आवाज चालू असताना ते दाबा. बोलणं तिथल्या तिथे बंद होतं. शिफ्ट दाबलं तरी थांबतं, पण पुन्हा शिफ्ट दाबलं की जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू होतं. बाकी काहीही शिकण्याआधी हे एवढंच पुन्हा पुन्हा करून पाहावं. मशीनला गप्प बसवता येतं हे बोटांच्या अंगवळणी पडलं की निम्मी भीती गेलीच म्हणून समजा.

या बटणाला एवढं महत्त्व देण्यामागे कारण आहे. ज्यांना दिसत नाही त्यांचं वाचन पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या सवडीवर चालत आलं. शाळेपुरती ब्रेल पुस्तकं मिळायची, पण कॉलेजात पाऊल टाकलं की वाचून दाखवणारं कुणीतरी शोधावं लागायचं. कधी मैत्रीण, कधी धाकटा भाऊ, कधी शेजारच्या निवृत्त बाई. ‘ताई, तो मागचा परिच्छेद पुन्हा एकदा वाचता का?’ हे एकदा म्हणता येतं, दोनदा म्हणता येतं. तिसऱ्या वेळी ‘हां, कळलं’ म्हणून माणूस पुढे जातो, न कळताच. हे पान गाळा म्हणायचा संकोच, जरा सावकाश म्हणायचा संकोच. शिवाय बँकेचं पत्र असो, डॉक्टरांचा रिपोर्ट असो की कुणी जिवाभावाच्या माणसाने लिहिलेल्या चार ओळी असोत, ते आधी तिसऱ्याच्याच नजरेखालून जाणार. स्क्रीन रीडरपुढे यातला कुठलाही संकोच उरत नाही. एक ओळ चाळीस वेळा ऐका, वाक्य अर्ध्यात तोडून पुढे जा, रात्री दोन वाजता वाचा. वाचनाची सूत्रं ऐकणाऱ्याच्या हातात येतात. ती घ्यायची तर काय ऐकायचं नाही हे ठरवता आलं पाहिजे, आणि त्याची सुरुवात कंट्रोलच्या बटणाने होते.

आता हा प्रोग्राम करतो काय ते पाहू. तो पडद्याचा फोटो काढून त्यातली अक्षरं ओळखतो, असा एक समज सर्रास आढळतो. तसं नसतं. कॉम्प्युटरवरचा कुठलाही प्रोग्राम पडद्यावर चित्र रंगवतो, पण नीट बनवलेला असेल तर तो पडद्यामागे एक नोंदही ठेवतो. इथे एक बटण आहे, त्याचं नाव ‘सेव्ह’. इथे एक चौकोन आहे, त्यावर टिक केलेली नाही. इथे नाव लिहायची जागा आहे आणि ती सध्या रिकामी आहे. विंडोजमध्ये अशा नोंदीची पद्धतशीर सोय मायक्रोसॉफ्टने १९९७च्या सुमारास केली. स्क्रीन रीडर ही नोंद वाचतो: वस्तूचं नाव काय, ती कोणत्या प्रकारची आहे आणि सध्या कोणत्या स्थितीत आहे. ज्याने बटणाला नावच दिलेलं नाही, त्याचं बटण नुसतं ‘बटण’ म्हणून ऐकू येतं. अशी पाच बटणं एका ओळीत असली की पाच वेळा ‘बटण, बटण, बटण’ ऐकायचं आणि अंदाजाने एक दाबायचं. यात चूक ऐकणाऱ्याची नसते, हे नवशिक्याला सुरुवातीलाच सांगायला हवं, नाहीतर तो स्वतःलाच दोष देत बसतो.

एके काळी हे सोपं होतं. डॉसच्या जमान्यात पडद्यावर फक्त अक्षरं असायची, ती मेमरीतून उचलून बोलून दाखवायची एवढंच काम. आयबीएममध्ये जिम थॅचर यांनी ऐंशीच्या दशकात असा प्रोग्राम बनवला. १९८९ साली अमेरिकेतल्या टेड हेंटर यांच्या कंपनीने ‘जॉज’ आणला. हेंटर मोटरसायकलच्या शर्यतींत भाग घ्यायचे. १९७८मध्ये कारच्या अपघातात त्यांची दृष्टी गेली, मग ते प्रोग्रामिंग शिकले. नव्वदच्या दशकात विंडोज पसरला, पडद्यावर अक्षरांऐवजी चित्रं आली, आणि नोकरी-धंद्याला लागलेल्या अंध माणसांना पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटलं. १९९५मध्ये जॉजची विंडोज आवृत्ती आली तेव्हा त्यांना पुन्हा वाट मिळाली. मात्र तिची किंमत आपल्याकडच्या साध्या घराला परवडणारी नव्हती. कॉम्प्युटर एकदाचा घेतला तरी त्याला बोलता करायला पुन्हा तेवढाच मोठा खर्च यायचा.

ही कोंडी फोडली ऑस्ट्रेलियातल्या दोन तरुणांनी. मायकेल करन यांनी २००६ साली स्वतःच एक स्क्रीन रीडर लिहायला घेतला. जेम्स टे त्यांना येऊन मिळाले. दोघेही अंध. ‘नॉनव्हिज्युअल डेस्कटॉप ॲक्सेस’, म्हणजे एनव्हीडीए, हा त्यांचा प्रोग्राम पूर्णपणे मोफत आहे आणि त्याचा कोडही खुला आहे. आज नाशिकमधल्या एखाद्या मुलाला घरच्या जुन्या लॅपटॉपवर सुरुवात करायची असेल तर मी बेधडक याचंच नाव सांगेन.

तो घ्यायचा कसा? इथे दिसणारा माणूस शेजारी बसवायची गरज नाही, आणि शक्य असेल तर बसवूही नये. विंडोजमध्ये ‘नॅरेटर’ नावाचा एक स्क्रीन रीडर आधीपासूनच असतो. विंडोज, कंट्रोल आणि एंटर ही तीन बटणं एकदम दाबली की तो बोलू लागतो. पुन्हा तीच तीन दाबली की थांबतो. त्याच्या मदतीने ब्राउझर उघडायचा, एनव्हीडीए बनवणाऱ्या एनव्ही ॲक्सेस या संस्थेच्या वेबसाइटवर जायचं आणि एनव्हीडीए उतरवून घ्यायचा. तिथे देणगी देण्याविषयी विचारतात, या खेपेला नको असा पर्यायही असतो. इन्स्टॉल झालं की स्वागताची एक खिडकी उघडते. तिच्यातल्या एका प्रश्नाकडे नीट लक्ष द्या: कॅप्स लॉकचं बटण एनव्हीडीएचं बटण म्हणून वापरायचं का? एनव्हीडीएला हुकूम देताना एक खास बटण धरून ठेवावं लागतं. मोठ्या कीबोर्डवर ते इन्सर्ट असतं. लॅपटॉपवर इन्सर्ट कुठल्या तरी कोपऱ्यात बारीक होऊन बसलेलं असतं, किंवा नसतंच. म्हणून लॅपटॉपवाल्यांनी कॅप्स लॉकला होकार द्यावा आणि कीबोर्डची मांडणीही ‘लॅपटॉप’ निवडावी. त्याच खिडकीत, साइन इन केल्यावर एनव्हीडीए आपोआप सुरू व्हावा का, असंही विचारलेलं असतं. तिथेही होकार द्या.

यानंतर लगेच इंटरनेटवर जायची घाई होते. ती करू नये. एनव्हीडीएचं बटण धरून १ दाबा. आता कीबोर्ड सरावाच्या अवस्थेत गेला. कुठलंही बटण दाबा, तो त्याचं नाव सांगेल आणि दुसरं काहीही करणार नाही. एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटे असतात, उजवीकडच्या आकड्यांच्या संचात ५वरही असतो. तर्जन्या एफ आणि जेवर टेकवायच्या आणि तिथून एकेक बोट सरकवत सगळा कीबोर्ड ओळखीचा करून घ्यायचा. काही बिघडेल ही धास्ती नाही, कुणी मागे उभं राहून ‘अरे, ते नाही, ते’ म्हणणारं नाही. सराव झाला की पुन्हा एनव्हीडीएचं बटण आणि १. या एका सोयीवर मुलं तासन्‌तास रमतात आणि रमू द्यावं.

मग एनव्हीडीएचं बटण आणि टी: आपण कोणत्या खिडकीत आहोत ते कळतं. एनव्हीडीएचं बटण आणि एफ१२: किती वाजले. लगोलग दोनदा दाबलं तर तारीख. टॅब दाबत गेलं की एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर जाता येतं, शिफ्ट धरून टॅब दाबलं की मागे. कुठे भरकटलो तर एनव्हीडीएचं बटण आणि टॅब, म्हणजे सध्या कशावर आहोत ते पुन्हा सांगितलं जातं. माउसला यात कुठे हात लावावा लागलेला नाही, हेही शिकणाऱ्याच्या लक्षात आणून द्यावं.

आवाजाचं काय करायचं, हा प्रश्न मराठी माणसाला लवकरच पडतो. एनव्हीडीएबरोबर ‘ईस्पीक’ नावाचा बोलणारा भाग येतो आणि त्यात मराठीही आहे. एनव्हीडीएचं बटण, कंट्रोल आणि व्ही दाबलं की आवाजाची सेटिंग्ज उघडतात, तिथे मराठी निवडता येतं. हा आवाज माणसासारखा वाटत नाही. त्याच्या मराठीत खटकण्यासारखंही पुष्कळ आहे. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च आपण वेगळे म्हणतो, पण लिहितो सारखेच, आणि नुसत्या लिखाणावरून तो फरक मशीनने ओळखायचा तरी कसा? पहिल्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक जण याहून गोड आवाज मागतो. गोड आवाज आहेत. एज ब्राउझरमध्ये पान मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय आहे, तिथले आरोही आणि मनोहर हे मराठी आवाज ऐकायला खरोखर छान आहेत. लांब लेख ऐकायला ते जरूर वापरावेत. पण ती सोय फक्त पान वाचते. बटण कुठे आहे, फॉर्ममधली कोणती जागा रिकामी राहिली, हे ती सांगत नाही. शिवाय त्या आवाजांना इंटरनेट लागतं. ईस्पीकचा आवाज रुक्ष खरा, पण तो बटण दाबल्याबरोबर बोलतो आणि वेग कितीही वाढवला तरी त्याचे शब्द सुटे ऐकू येतात. सरावलेले लोक तो इतक्या वेगात ऐकतात की शेजारच्याला नुसती किरकिर वाटते. सुरुवातीला वेग अगदी कमी ठेवा आणि दर आठवड्याला एक पायरी वाढवा.

आता लिहायला लागू. नोटपॅड उघडा. मराठीसाठी मी इनस्क्रिप्ट शिकण्याचा आग्रह धरेन. विंडोजच्या भाषांमध्ये मराठी जोडलं की हा कीबोर्ड मिळतो आणि विंडोजचं बटण धरून स्पेस दाबलं की इंग्रजी-मराठी अशी अदलाबदल होते. इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहायची पद्धत अनेकांच्या सवयीची आहे, पण इनस्क्रिप्टची मांडणी कानाने शिकणाऱ्यासाठीच केली आहे की काय असं वाटावं इतकी सोयीची आहे. स्वर आणि त्यांच्या मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं मुख्यतः उजव्या हाताला. क जिथे आहे तिथेच शिफ्ट धरून ख, ग जिथे तिथेच शिफ्ट धरून घ, तसंच त-थ, द-ध, प-फ, ब-भ. वर्णमाला तोंडपाठ असलेल्याला निम्मा कीबोर्ड आपोआप पाठ होतो.

‘नाशिक’ लिहून पाहा. न व्हीच्या बटणावर, काना ईच्या बटणावर. श साठी शिफ्ट आणि एम, पहिली वेलांटी एफवर, आणि क, योगायोगाने, केवर. पाच ठोके. यात एक गंमत आहे. छापील अक्षरात पहिली वेलांटी श च्या आधी काढलेली दिसते, म्हणून डोळ्यांनी शिकलेली माणसं पुष्कळदा ती आधी दाबायला जातात आणि चुकतात. कानाने शिकलेला माणूस चुकत नाही, कारण तोंडात आधी श येतो आणि मग इ. कॉम्प्युटरही हा शब्द याच क्रमाने साठवतो. टाइप होणारं अक्षर बोललं जात नसेल तर एनव्हीडीएचं बटण आणि २ दाबून ते बोलायला सांगा, म्हणजे प्रत्येक ठोक्याला कानावर खात्री मिळते.

आणि आता हाच शब्द दुसऱ्या तऱ्हेने पाहू, कारण महाराष्ट्रात स्क्रीन रीडरच्या वाटेतला सगळ्यात मोठा धोंडा इथे आहे. आपल्याकडे मराठी डीटीपी युनिकोडच्या आधीपासून जोरात होतं. पुण्यातल्या कंपन्यांनी आणि सीडॅकने त्या काळी मोठं काम केलं: श्रीलिपी, आयएसएम हे मराठी टायपिंगचे प्रोग्राम. शेकडो सुंदर फॉन्ट आले, वर्तमानपत्रं, पुस्तकं, लग्नपत्रिका त्यावर निघाल्या. हिंदी पट्ट्यातून आलेला कृतिदेवही टायपिंगच्या क्लासांतून इथे रुळला. या फॉन्टची युक्ती अशी की फाइलमध्ये साठवायची ती इंग्रजी अक्षरंच, फक्त फॉन्ट त्या जागी देवनागरी आकार काढून दाखवतो. कृतिदेवमध्ये ‘नाशिक’ टाइप केलं तर पडद्यावर सुरेख ‘नाशिक’ दिसतं, पण फाइलच्या पोटात असतं यू, के, एफ, अपॉस्ट्रॉफी, के, डी. स्क्रीन रीडर आकार पाहत नाही, पोट वाचतो. त्यामुळे तहसील कचेरीतून आलेलं अख्खं पत्र, कॉलेजच्या नोट्स, एखाद्या संस्थेचा अहवाल, सगळं त्याला निरर्थक इंग्रजी अक्षरांचा ढीग म्हणून ऐकू येतं. पाठवणाऱ्याला याचा पत्ताही नसतो, कारण त्याच्या डोळ्यांना तर शुद्ध मराठी दिसत असतं.

युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर मान्य असा स्वतःचा क्रमांक असतो. न म्हणजे नच, फॉन्ट कुठलाही असो. तिथेही काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. ‘ॲप’मधला ॲ स्वतंत्र अक्षर म्हणून लिहिता येतो किंवा अ वर चंद्र देऊनही. दिसायला दोन्ही सारखे, पण कॉम्प्युटरच्या लेखी वेगळे, त्यामुळे एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. पण या बारीकसारीक अडचणी आहेत. जुन्या फॉन्टमधला मजकूर मात्र मुळातच मुका असतो. फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, ते बऱ्यापैकी काम करतात, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने एखादा जवळ ठेवावा. तरी मूळ इलाज लिहिणाऱ्याच्या हातात आहे. हे पुस्तक वाचणाऱ्यांत कुणी शिक्षक, कारकून, संपादक असेल तर माझी कळकळीची विनंती आहे की, मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा आणि वर्डमधूनच पीडीएफ करा. प्रिंट काढून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून पाठवलेली पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटो असतो. पाणी बंद राहणार असल्याची सूचना, परीक्षेचं वेळापत्रक व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून फिरवलं जातं तेव्हाही तेच होतं. असा फोटो आलाच तर गुगल लेन्स किंवा गुगल ड्राइव्ह त्यातली देवनागरी अक्षरं ओळखून मजकूर देतात. टेसरॅक्ट नावाच्या मोफत प्रोग्रामलाही मराठी येतं. पण एका ओळीच्या निरोपासाठी माणसाला एवढा वळसा का घालायला लावायचा?

वेबसाइट वाचताना ऐकण्याची कला सगळ्यात जास्त पणाला लागते. दिसणारा माणूस पान उघडतो तेव्हा वरपासून खालपर्यंत वाचत नाही. त्याची नजर हवं तिथे जाऊन बसते. कानाला तशी झेप स्वतःहून घेता येत नाही, ती बटणांनी घ्यावी लागते. एच दाबलं की पुढच्या मथळ्यावर, के दाबलं की पुढच्या लिंकवर, बी म्हणजे बटण, ई म्हणजे लिहायची जागा, टी म्हणजे कोष्टक. शिफ्ट धरून तेच अक्षर दाबलं की मागे. एनव्हीडीएचं बटण आणि एफ७ दाबलं तर पानावरच्या सगळ्या लिंक किंवा सगळे मथळे यादी होऊन समोर येतात. लिहायच्या जागेत शिरल्यावर मात्र एच म्हणजे एचच, ते अक्षर उमटलं पाहिजे. तेव्हा एनव्हीडीए आपण होऊन दुसऱ्या अवस्थेत जातो आणि एक वेगळा टक्‌ असा आवाज करतो. न गेल्यास एनव्हीडीएचं बटण आणि स्पेस. ‘मी नाव टाइप करतोय आणि पान भलतीकडेच उड्या मारतंय’ ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार याच कारणाने असते.

नाशिक जिल्ह्यात याचं उत्तम उदाहरण म्हणजे कांद्याचे भाव. राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या वेबसाइटवर बाजार समित्यांचे रोजचे दर कोष्टकात येतात: आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. निफाड तालुक्यातल्या घरात हे कोष्टक मोबाइलवर रोज उघडलं जातं. समजा त्या घरातला दृष्टी गेलेला शेतकरी ते स्वतः पाहायचं म्हणतो. वरून ऐकत बसला तर राज्यातल्या सगळ्या समित्या ऐकाव्या लागतील आणि लासलगावपर्यंत पोचेपर्यंत कोणता आकडा कशाचा हे विसरायला होईल. त्याऐवजी एनव्हीडीएचं बटण, कंट्रोल आणि एफ दाबायचं, ‘लासलगाव’ टाइप करायचं आणि एंटर. थेट त्या ओळीवर. आता कंट्रोल आणि ऑल्ट धरून उजवा बाण दाबत जायचं. कोष्टक नीट बांधलेलं असेल तर प्रत्येक आकड्याआधी त्या स्तंभाचं नाव येतं: आवक अमुक, किमान दर तमुक. सर्वसाधारण दरावर आलं की तिथूनच कंट्रोल-ऑल्ट आणि खालचा बाण. आता पुढच्या समितीचा फक्त तोच दर. चुकून वाटलं की हा आकडा कुणाचा, तर डावा बाण दाबत ओळीच्या सुरुवातीला जायचं. पिंपळगाव, येवला, मनमाड यांचा ताळा दोन मिनिटांत होतो आणि गाडी कुठे न्यायची हे त्याचं तो ठरवतो. हेच कोष्टक कुणी फोटो म्हणून टाकलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

शिकायला कुठे जायचं? नाशिककरांचं यात भाग्य आहे. १९५२ साली मुंबईत सुरू झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडच्या महाराष्ट्र शाखेचं, म्हणजे नॅब महाराष्ट्रचं, मुख्य ठिकाण नाशिकमध्ये सातपूरला आहे. गंगापूर धरणाजवळच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठामुळे घरी राहून पदवी घेण्याची वाट १९८९पासून इथे आहे. स्क्रीन रीडर हाताशी असलेल्याला ती आणखी मोकळी होते. परीक्षेचाही विचार आतापासून करावा. केंद्र सरकारने २०१८मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिकाबरोबरच कॉम्प्युटरवर उत्तरं लिहिण्याचा पर्याय धरलेला होता, आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळही. हा पर्याय मागायला टायपिंगचा वेग लागतो, म्हणून नववी-दहावीतच बोटं तयार झालेली बरी.

कितपत मजल मारता येते, असं पालक विचारतात. त्यांना मी दोन नावं सांगतो. टी. व्ही. रमण पुण्यात वाढले, चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. पुणे विद्यापीठ, मग आयआयटी मुंबई, मग अमेरिकेत कॉर्नेल. तिथे १९९४मध्ये त्यांनी पीएचडीसाठी गणिताची समीकरणं ऐकून समजतील अशी वाचून दाखवणारी यंत्रणा बनवली, पुढे ‘इमॅकस्पीक’ हा बोलणारा प्रोग्राम लिहिला आणि २००५मध्ये ते गुगलमध्ये गेले. दुसरं नाव उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचं. सहाव्या वर्षी दृष्टी गेलेल्या प्रांजल यांनी यूपीएससीचा अभ्यास जॉजच्या मदतीने केला. पहिल्या खेपेला निवड होऊनही रेल्वेच्या सेवेत त्यांना दृष्टीच्या कारणावरून घेतलं गेलं नाही. पुढच्या वर्षी त्या १२४वा क्रमांक मिळवून आयएएस झाल्या. प्रत्येकाने आयएएस व्हावं असं मी म्हणत नाही. पण स्क्रीन रीडर म्हणजे गाणी लावायचं खेळणं आहे, हा समज या दोन उदाहरणांनी घरातून जातो.

अडथळे अजून आहेत आणि त्यांचा राग येणं योग्यच आहे. चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहा म्हणणारा कॅप्चा, डोळे मिचकावून दाखवा म्हणणारी केवायसी. अशा केवायसीच्या प्रश्नावरच सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला आणि डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा त्याआधीपासून आहेच. एखादी वेबसाइट वाचता येत नसेल तर गप्प बसू नका. कोणत्या पानावर, कोणतं बटण, स्क्रीन रीडर काय बोलतो, एवढं तीन ओळींत लिहून संबंधितांना मेल करा. नेमकी तक्रार असली की दुरुस्ती करणाऱ्यालाही काम सोपं होतं.

घरचा कॉम्प्युटर बोलायला लागला, की पुढचा प्रश्न बाहेरच्या कॉम्प्युटरचा. कॉलेजची लॅब, मित्राचं घर, सायबर कॅफे. त्यासाठी एनव्हीडीएची पेनड्राइव्हवर चालणारी प्रत बनवून ठेवा. एनव्हीडीएचं बटण आणि एन दाबलं की त्याचा मेन्यू उघडतो, त्यातल्या टूल्समध्ये पोर्टेबल प्रत तयार करण्याचा पर्याय आहे. पेनड्राइव्हवर एक फोल्डर निवडायचं आणि आपल्या सध्याच्या सेटिंग्जसकट प्रत करायला सांगायचं, म्हणजे आपला वेग, आपला मराठी आवाज सगळं बरोबर येतं. दुसऱ्याच्या मशीनवर काही इन्स्टॉल करावं लागत नाही, त्यामुळे लॅबवाल्यांची हरकतही सहसा नसते. दोन ठिकाणी मात्र ही प्रत बोलत नाही: पासवर्ड टाकून आत शिरायच्या पडद्यावर, आणि विंडोज ‘या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का’ असं विचारतो त्या खिडकीत. तिथे नॅरेटर चालतो, म्हणून विंडोज, कंट्रोल आणि एंटर ही तीन बटणं पाठ असू द्या. परक्या मशीनवर हेडफोनही न्यावा, म्हणजे आपलं बँकेचं पत्र आपल्यालाच ऐकू येईल.